छत गळायची वाट पाहू नका

नवीन घर घेतलंत, अभिनंदन. आता एक सवय लावून घ्या: वर्षातून 2 वेळा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, छत नीट तपासा. मोठं वादळ होऊन गेलं तर लगेच पुन्हा.

सुरुवात पाणी जायच्या तोंडापासून करा, कारण बहुतेक दुखणी तिथेच सुरू होतात. पालापाचोळा अडकला की पाणी साचतं. पाऊस थांबून 48 तास झाले तरी डबकं तसंच असेल, तर उतार चुकलाय असं समजा. मग कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तो सांधा, पाइपांभोवतीची जागा आणि टाकीखालचा भाग बघा. केसाएवढी भेगही सोडू नका. तिच्यातून मुरलेलं पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. तोवर खर्च कितीतरी वाढलेला असतो.

आणि हो, डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असं नाही; पाणी आतून लांबवर सरकतं. म्हणून नुसता डागावर रंग मारू नका. दर वेळी त्याच कोनातून फोटो काढून तारखेसह ठेवा, भेग वाढतेय का ते कळतं. उतरत्या किंवा पत्र्याच्या छपरावर मात्र स्वतः चढू नका, जाणकार माणूस बोलवा.