रोज स्केच करायला विषय सुचत नाही, स्वतःची शैलीही सापडत नाही. काय करावं?

नवे विषय शोधणं थांबवा आणि घरातली एकच वस्तू (चप्पल, किटली, खुर्चीवर टाकलेला शर्ट, काहीही) पंधरा दिवस रोज काढा. विषय नवा असला की सगळं लक्ष तो ओळखू येईल असा काढण्यातच जातं. तोच चौथ्या-पाचव्यांदा समोर आला की काय गाळायचं, कुठली रेघ जाड ठेवायची, सावली किती गडद करायची हे हात आपणहून ठरवू लागतो. शैली म्हणजे बहुतांशी हेच निर्णय. इटलीच्या जॉर्जो मोरांडीने (१८९०–१९६४) कितीतरी दशकं त्याच बाटल्या आणि बरण्या जागा बदलून बदलून रंगवल्या. फ्रेंच चित्रकार मोनेने १८९०-९१ मध्ये गव्हाच्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली. गंजी त्याच, उजेड मात्र दर वेळी वेगळा. (कंटाळा साधारण सहाव्या दिवशी येतो. तेव्हा वस्तू नको, वेळ बदला: सकाळऐवजी रात्री दिव्याखाली बसा.) फक्त हे फोटोवरून करू नका. फोटोत उजेड आणि कोन आधीच ठरलेले असतात, तुमच्यासाठी ठरवायला फारसं उरत नाही.