सीईटीला ९८.४ पर्सेंटाइल आहेत, सीओईपीला कॉम्प्युटर मिळेल का?

मुलगी मिरजेतून बारावी झाली, ओपनमध्ये आहे, एमएचटी-सीईटीला (राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये, ९८.४ आहेत आणि एक माणूस 'सीओईपी कॉम्प्युटर करून देतो' म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. सीओईपीला, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात, कॉम्प्युटर नाही मिळणार. तिथे ओपनचा कटऑफ ९९.९च्या पुढे असतो. पण म्हणून सीओईपीच हातची गेली असं धरू नका. सिव्हिल, मेटलर्जी तिथेही बरंच खाली उतरतात.

पर्सेंटाइलवरून अंदाज बांधायला गेलं की फसायला होतं. ४ लाख मुलं बसली असतील तर ९८.४ म्हणजे पुढे साधारण ६,४०० जण. ३ लाख असतील तर ४,८००. आकडा तोच, रांग दीड हजाराने लांबली. त्यातही सगळेच कॅपला, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेला, येत नाहीत, काहीजण एनआयटीसारख्या केंद्राच्या कॉलेजांकडे जातात. म्हणून मेरिट लिस्ट लागली की राज्याचा मेरिट नंबर घ्या आणि तो गेल्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफशी ताडून बघा. तिथे प्रत्येक चौकटीत मेरिट नंबर असतो आणि कंसात पर्सेंटाइल. जो तो कंसातलंच बघतो.

मी तर रकानाच चुकीचा बघितला होता. मुलाच्या वेळी रात्री मोबाइलवर पीडीएफ ताणून ताणून यादी केली, मुंबईच्या व्हीजेटीआयची एक ब्रँच अगदी बसतेय म्हणून घरात सांगूनही टाकलं. सकाळी पुतणी म्हणाली, "काका, हा एलवाला रकाना आहे. एल म्हणजे लेडीज." मुलाचा रकाना 'जी'वाला, म्हणजे जनरलचा होता आणि तिथला आकडा आमच्या बराच वर.

तुमच्या मुलीला मात्र दोन्ही रकाने लागू आहेत, तेव्हा दोन्ही बघा. रकान्याच्या नावातलं शेवटचं अक्षरही बघा. एस म्हणजे राज्यभरासाठीची जागा, सीओईपी-व्हीजेटीआयला तीच असते. पुण्यातल्या खासगी कॉलेजांत एच (त्याच विद्यापीठाच्या भागातल्यांसाठी) आणि ओ (बाहेरच्या विद्यापीठांतल्यांसाठी) दिसेल. मिरज शिवाजी विद्यापीठात येतं, त्यामुळे तिथे तुम्ही ओ. काही ब्रँचच्या कोडच्या शेवटी टी दिसेल, ती ट्युशन फी माफीची जागा. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तरच ती भरायची, आणि तिचा कटऑफ नेहमीच्या जागेपेक्षा चढाच असतो.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचच्या पसंतीची यादी, भरताना मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. हवं ते वर, नको ते खाली, बस्स. न मिळणारं कॉलेज पहिलं टाकलं म्हणून खालचं हुकत नाही. मेरिटप्रमाणे तुमचा नंबर आला की यादीत वरून पहिलं जे शिल्लक असेल ते मिळतं. उलट 'हे तर नक्की मिळेल' म्हणून मिळणारं वर ठेवलंत तर तेच गळ्यात पडतं. २०२५ला पहिल्या राउंडमध्ये पहिला पर्याय, दुसऱ्यात पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्यात पहिल्या सहापैकी एखादा लागला की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, पुढच्या राउंडला जाता येत नव्हतं. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेतून वाचून घ्या.

आणि तो 'सीओईपी कॉम्प्युटर करून देतो' म्हणणारा माणूस. कॅपच्या जागेत कोणी काही करून देऊ शकत नाही. लॉगिनचा पासवर्ड त्याला दिला असेल तर आजच बदला.