लहान मूल घेऊन महागड्या शहरात भाड्याचं घर कुठे घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबा दोघंही नोकरी करतात, मूल दीड वर्षाचं आहे, शहर महाग आहे. बजेटमध्ये दोनच पर्याय बसतात. ऑफिसजवळ एका बेडरूमचं घर, किंवा तासभर लांब दोन बेडरूमचं. कोणतं घ्यावं?

मी म्हणेन, ही दोन्ही घरं घटकाभर बाजूला ठेवा आणि आधी पाळणाघर ठरवा. घर त्यानंतर, त्याच्या आसपास शोधा. घरं बरीच मिळतात. पण तुमच्या वेळेत उघडं असणारं, तुमच्या मुलाच्या वयाच्या गटात जागा असलेलं आणि तुम्हाला विश्वास वाटेल असं पाळणाघर एका भागात एखाद-दुसरंच असतं, आणि तिथेही प्रतीक्षायादी असते. घराचा करार करून मग पाळणाघर शोधायला निघालेली कुटुंबं हमखास अडकतात. जागा मिळते ती घराच्या उलट दिशेला.

उलट दिशा किती महाग पडते ते बघा. पाळणाघर घरापासून १५ मिनिटांवर, पण स्टेशनच्या विरुद्ध बाजूला असेल, तर सकाळी १५ मिनिटं जायला आणि १५ परत यायला लागतात. संध्याकाळी पुन्हा तेवढीच. म्हणजे रोजचा एक तास, आणि महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर २२ तास. हेच पाळणाघर घर आणि स्टेशन यांच्या मध्ये असेल, तर हा वेळ जवळपास शून्यावर येतो. म्हणून नकाशावर अंतर बघण्याआधी दिशा बघा.

पाळणाघर घराजवळ असावं की ऑफिसजवळ? मूल वर्षाच्या आत असेल आणि दिवसा अंगावर पाजायचं असेल, तर ऑफिसजवळ. त्यानंतर मात्र घराजवळच, यावर मी ठाम आहे. मुलाला गर्दीतून प्रवास करावा लागत नाही. आई किंवा बाबा, ज्याला वेळ असेल तो आणू शकतो. एखाद्याने सुट्टी घेतली तरी मुलाचा दिवस नेहमीसारखा जातो, आणि नोकरी बदलली तरी पाळणाघर बदलत नाही.

आता तासभर लांबच्या घराचा हिशोब. ऑफिसचे ९ तास आणि जाण्यायेण्याचे २, म्हणजे मूल ११ तास पाळणाघरात. बरीच पाळणाघरं इतका वेळ उघडी नसतात. असली तरी संध्याकाळी ७ ला आणलेलं मूल साडेआठला झोपतं, म्हणजे जागेपणी तुमच्या वाट्याला दीड तास येतो आणि त्यातच जेवण-अंघोळ. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास झोप लागते. झोपायची वेळ पुढे ढकलून हा प्रश्न सुटत नाही, मूल फक्त चिडचिडं होतं. ऑफिस २० मिनिटांवर असेल तर हेच ११ तास पावणेदहावर येतात. लांबचं घर घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर दोघांच्या कामाच्या वेळा दीड तासाने पुढे-मागे करून घ्या. एकाने उशिरा निघून मुलाला सोडायचं, दुसऱ्याने लवकर गेलेलं असायचं आणि लवकर परतून आणायचं. त्याने मुलाचे तास साडेनऊपर्यंत येतात. पण ही सवलत दोन्ही ऑफिसांकडून लेखी मिळाल्याशिवाय घर नक्की करू नका.

पाळणाघरात काय विचारायचं: या वयोगटात कोणत्या तारखेपासून जागा आहे, उशीर झाला तर किती आकारतात, ताप उतरल्यावर किती तासांनी परत घेतात, वर्षातून किती दिवस बंद असतं. वर्षाखालच्या तीन-चार बाळांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असायला हवी. याचं उत्तर थेट मिळालं नाही, तर दुपारी जेवणाच्या वेळी जाऊन स्वतः मोजा.

घर पाळणाघरापासून चालत १० ते १२ मिनिटांत असावं. मोठ्या माणसाच्या चालीने हे साधारण एक किलोमीटर. अडीच-तीन वर्षांचं मूल स्वतः चालू लागलं की तेच अंतर अर्ध्या तासाचं होतं, कारण ते दर दहा पावलांवर थांबतं. आणि पावसात, कडेवर १२ किलोचं मूल आणि खांद्यावर दोन पिशव्या असताना एक किलोमीटर पुरे होतो. हा रस्ता एकदा सकाळी साडेआठला बाबागाडी घेऊन चाला, गाडीत चार-पाच किलो वजन ठेवून. किती ठिकाणी गाडी उचलून फुटपाथवरून खाली घ्यावी लागते आणि किती ठिकाणी फुटपाथच संपतो, ते कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

पैशांचा हिशोब नुसत्या भाड्यावर करू नका. भाडं, मेंटेनन्स, वीज, दोघांचा प्रवास, पाळणाघर आणि त्यांचं उशिराचं शुल्क हे सगळं एकत्र धरा. त्यात एकदाच होणारा खर्च मिसळायला बहुतेक जण विसरतात: दलाली, सामान हलवणं, पडदे, जाळ्या, किरकोळ दुरुस्ती. हा खर्च तीन महिन्यांच्या भाड्याएवढा झाला आणि वर्षभरात घर सोडलं, तर प्रत्यक्षात दरमहा पाव भाडं जास्त भरल्यासारखं होतं. तीन वर्षं राहिलात तर बारावा हिस्साच. त्यामुळे थोडं जास्त भाडं असलेलं पण तीन वर्षं पुरेल असं घर, दरवर्षी बदलाव्या लागणाऱ्या स्वस्त घरापेक्षा अनेकदा स्वस्त पडतं. डिपॉझिट परत मिळतं म्हणून ते खर्चात धरू नका, पण तेवढी रक्कम अडकून पडल्यावर हाताशी काय उरतं ते बघा. एकाची नोकरी गेली तर उरलेल्या पगारात आणि शिल्लकीत तीन महिने भाडं निघालं पाहिजे. निघत नसेल तर ते घर तुमच्या आवाक्यातलं नाही.

दुसरी बेडरूम तीन वर्षांच्या आत मुलाला लागत नाही. त्याला लागते दार लावता येईल आणि अंधार करता येईल अशी एक खोली. म्हणून मोठ्या एकसंध हॉलपेक्षा लहान पण दार असलेली बेडरूम केव्हाही चांगली. मूल झोपल्यावर तुम्हाला बाहेर दिवा लावून जेवता आलं पाहिजे. खोली टेप घेऊन मोजा. डबलबेड १५० सेंटीमीटर रुंद, बाळाची खाट साधारण ६० बाय १२०, मध्ये चालायला किमान ६०. म्हणजे आडवी २७० सेंटीमीटर जागा हवी. तीन मीटर रुंद खोलीत हे बसतं, पण समोरच्या भिंतीला कपाट असेल आणि त्याचं दार उघडायला आणखी ५०-६० सेंटीमीटर लागत असतील, तर बसत नाही. बाळाची खाट खिडकीखाली आणि पडद्याच्या दोरीजवळ ठेवायची नाही, हे धरून मोजा. स्वयंपाकघराला दार, किंवा निदान फाटक बसेल अशी चौकट हवी. उघडा ओटा आणि रांगतं मूल एका खोलीत ठेवणं रोजची कसरत होते. हॉलमध्ये दोन बाय दोन मीटर मोकळी फरशी मिळाली की दीड वर्षाचं मूल खूश असतं.

घर दोनदा बघा, एकदा सकाळच्या गर्दीच्या वेळी आणि एकदा रात्री नऊनंतर. रस्त्याच्या आवाजाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ सालची शिफारस रात्री सरासरी ४५ डेसिबलच्या आत राहण्याची आहे. ती घराबाहेर मोजायची असते, आणि फोनवरचं ॲप फक्त अंदाज देतं. त्यापेक्षा झोपायची खोली रस्त्याकडे आहे की मागे, हे बघणं जास्त उपयोगी. वाहनांचा धूर मोठ्या रस्त्यापासून पहिल्या १००-१५० मीटरमध्ये झपाट्याने विरळ होतो, त्यामुळे त्याच पैशात एक गल्ली आत मिळत असेल तर नक्की आत जा. सिग्नल किंवा बसथांब्याच्या बरोबर वरची खिडकी टाळा, तिथे गाड्या उभ्या राहून धूर सोडतात.

खिडक्या आणि बाल्कनी यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. जाताना पुठ्ठ्याचा १० सेंटीमीटर रुंद तुकडा कापून न्या. तो कठड्याच्या गजांमधून सहज जात असेल, तर लहान मुलाचं अंगही जाऊ शकतं. गज आडवे असतील तर मूल शिडीसारखं चढतं, मग कठडा कितीही उंच असो. उंची एक मीटरपेक्षा कमी नको. डासांची जाळी म्हणजे सुरक्षा नव्हे, मुलाने टेकून जोर दिला की ती चौकटीतून निघते. ग्रिल असेल तर आग लागल्यावर आतून उघडणारा एक भाग त्यात आहे का बघा, आणि त्याची किल्ली कुठे राहील ते त्याच दिवशी ठरवा.

जुन्या इमारतीत रंगाकडे लक्ष द्या. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. रंग पोपडे धरतो तो खिडकीच्या चौकटीवर आणि दाराच्या कडेला, जिथे रोज घर्षण होतं. त्याची धूळ फरशीवर पडते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. शिशाचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण माहीत नाही. असे पोपडे दिसले तर रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि मालक ‘घासून नवा रंग मारतो’ म्हणाला तर कोरडं घासू देऊ नका, त्याने धूळ घरभर पसरते.

ओल ओळखायला बंद कपाट उघडून वास घ्या आणि बाहेरच्या भिंतीचा खालचा कोपरा हाताने दाबून बघा. बाकी घर जुनं आणि एकच भिंत ताजी रंगवलेली असेल, तर तिथेच पाणी झिरपत होतं असं धरा. वरच्या मजल्याचं बाथरूम तुमच्या कोणत्या खोलीवर येतं तेही विचारा. आतली आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि खोकणाऱ्या मुलाला तो त्रास महिनोन्‌महिने होतो.

गिझरचं तापमान कमी करता येतं का, हे विचारायला विसरू नका. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत गंभीर भाजतं, ४९ अंशांवर आणलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळतो. गॅसचा गिझर बाथरूमच्या आत असेल आणि त्याचा धूर बाहेर नेणारा पाइप नसेल, तर घर कितीही आवडलं तरी नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

लिफ्ट नसेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नका. लिफ्ट असेल तर बाबागाडी न दुमडता आत जाते का ते मोजा. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेलं मूल घेऊन कोणत्या हॉस्पिटलात आणि कशाने जाल, याचं उत्तर त्या पत्त्यावरून मिळालं पाहिजे. बाग दहा मिनिटांच्या आत असावी, आणि संध्याकाळी पाचला तिथे सावली असावी.

करारात चार गोष्टी लेखी घ्या. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता येणार नाही ही अट, दोन्ही बाजूंना लागू हवं, नाहीतर तुम्ही बांधले जाता आणि मालक मोकळा राहतो. दरवर्षीची भाडेवाढ टक्क्यांत लिहा. गळती, गिझर आणि खिडक्यांची दुरुस्ती कोणाकडे, तेही लिहा. चौथी गोष्ट सहसा राहून जाते: भिंतीत भोकं पाडायची परवानगी. चालायला लागलेलं मूल कपाटाच्या खणांवर पाय देऊन चढतं आणि कपाट अंगावर येतं. म्हणून कपाटं भिंतीला पट्टीने कसावीच लागतात, आणि फाटकाला, जाळीलाही खिळे लागतात. जाळी आणि ग्रिल सहीच्या आधी बसवून मागा, सहीनंतर ‘बघू’ एवढंच ऐकू येतं.

दीड वर्षाच्या मुलासाठी तीन वर्षांचा करार म्हणजे मध्ये शाळाप्रवेश येणार. अनेक शाळा घरापासूनचं अंतर बघतात आणि पत्त्याचा पुरावा मागतात. त्यामुळे करार तुमच्याच नावावर, नोंदणी केलेला आणि शाळेच्या वर्षाच्या मध्ये न संपणारा हवा.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे. आजी-आजोबा दिवसभर मुलाला सांभाळणार असतील, तर पाळणाघराच्या जागी त्यांचं घर धरा. मग त्यांच्यापासून दहा मिनिटांवरचं घर ऑफिसपासून लांब पडलं तरी चालतं. ते तुमच्याकडेच राहायला येणार असतील, तर दुसरी बेडरूम खरंच लागते आणि दोन बेडरूमचं लांबचं घरच योग्य. बाकी दोघंही रोज ऑफिसला जात असाल, तर मी एका बेडरूमचं जवळचं घर घेईन, पण आधी त्या भागातल्या पाळणाघरातली जागा नक्की झाल्यावर.

जुनं आणि नवं घर आठवडाभर एकत्र भाड्याने राहील असं बघा. रंग वाळणं, जाळ्या, कपाटं कसणं, फाटक बसवणं हे सगळं मूल आत येण्याआधी व्हायला हवं. याच आठवड्यात मुलाला नव्या पाळणाघरात रोज एक-दोन तास बसवायला सुरुवात करा. घर आणि पाळणाघर एकाच दिवशी बदललं तर मुलाला दोन्ही जड जातं.