मिशनवर निघालेल्या धाकट्या एल्डरला

आपल्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चचा एल्डर, म्हणजे तरुण धर्मप्रचारक, म्हणून फिलिपिन्सला जातोयस, तर तिथल्या टागालोग भाषेतला 'पो' आधी शिकून घे. आपण मोठ्यांना 'अहो' म्हणतो ना, तसाच तो मान. व्याकरण चुकलं तर लोक सांभाळून घेतात. 'पो' विसरलास तर आजीबाईंच्या मनाला लागतं.

पहाटे साडेसहाला उठणं आठवड्याभरात अंगवळणी पडेल. खरं जड जातं ते सोबत्याशी, म्हणजे जोडीला दिलेल्या दुसऱ्या एल्डरशी, जुळवून घेणं. 24 महिने तू जवळजवळ कधीच एकटा नसशील, आणि सोबती आपण निवडलेला नसतो. भात कोणी लावायचा, यावरून मी पहिल्या सोबत्याशी चार दिवस अबोला धरला होता. शेवटी रात्रीच्या प्रार्थनेआधी मीच माफी मागितली. तू चार दिवस थांबू नकोस.

शिकवताना पाठ केलेलं घडाघडा म्हणू नकोस. एका घरी मी आपला धर्मग्रंथ, मॉर्मनचं पुस्तक, उघडून बोलत सुटलो, आणि त्या बाईंचा नवरा महिन्यापूर्वीच गेला होता. साधी चौकशीही मला सुचली नाही. आजही ते सलतं. आधी ऐक. कोपऱ्यात सांतो निन्योची, म्हणजे बाळ येशूची, मूर्ती असेल तर तिच्याविषयी आदरानेच बोल.

सोमवारी कपडे धुऊन झाले की घरी फोन कर. 2019पासून दर आठवड्याला बोलता येतं. आणि पांढरे शर्ट जास्तीचे ने, पावसाळ्यात वाळत नाहीत.