देणगीदारांशी नाते जोडताना

कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या ज्ञानदीप विद्यापीठाच्या देणगीदार-संपर्काचे काम तुम्ही नव्याने स्वीकारले आहे, म्हणून अनुभवाने सांगतो की पहिला महिना विनंतीपत्रे लिहिण्यात घालवू नका. 1893 मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे सुरू झालेली आणि 1955 मध्ये पुण्यात आलेली ही धर्मशिक्षणाची परंपरा नगर रस्त्यावरच्या या आवारात कशी जगली जाते, ते आधी जवळून पाहा. मिस्साला, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेला, बसा, विद्यार्थ्यांच्या पंगतीत जेवा आणि वेगवेगळ्या भाषांतून आलेली ही मुले एकत्र राहायला कशी शिकतात, ते त्यांच्याच तोंडून ऐका. कारण देणगीदाराला, माझ्या मते, आकड्यांच्या तक्त्यापेक्षा हेच अधिक जाणून घ्यायचे असते. देणगी ज्या कारणासाठी आली, त्याच कारणासाठी ती खर्च झाल्याचे पत्र, रक्कम लहान असली तरीही, आवर्जून पाठवा. 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे. परदेशी देणगीबाबत मात्र विशेष दक्ष राहा: परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर ती भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील नियुक्त खात्यातच स्वीकारता येते, त्यामुळे कोणाही हितचिंतकाला पुण्यातील खात्याचा क्रमांक कळवू नका.