करप्यात पान पिवळं पडलं म्हणून युरिया मारू नका

‘भाताच्या पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मधोमध राखाडी, खालची पानं पिवळी. युरिया मारू का?’ हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या वायंगणातही, म्हणजे उन्हाळी भातातही, नेमकं हेच झालं होतं. करपा हा भातावरचा बुरशीचा रोग कसा ओळखायचा ते सांगत बसत नाही, तुमच्या वर्णनातच तो आहे.

आम्ही रोगट रोपं पिशवीत घालून एका कार्यालयात नेली. तिथल्या साहेबांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. ‘पिवळं ना? नत्र कमी पडलंय.’ युरिया पडला, शेत हिरवंगार झालं आणि पुढे लोंब्या मानेतच काळ्या पडल्या. दाणा भरला नाही. पान हातात घेऊन बघितलं असतं तरी ठिपके दिसले असते! त्याचा राग अजून जात नाही.

तो पिवळेपणा बऱ्याचदा रोपानेच घडवलेला असतो. रोग शिरला की त्या पानातली प्रथिनं, विशेषतः हरितलवकातलं रुबिस्को, मोडू लागतात आणि अमोनिया सुटतो. त्यातच पेशीभित्ती कणखर करायला लिग्निन लागतं. ते बनवताना फेनिलअ‍ॅलॅनिन अमोनिया लायेज हे एन्झाइम आणखी अमोनिया मोकळा करतं. तो साठला तर पेशीलाच विषारी, म्हणून ग्लुटामाइन सिंथेटेज त्याला पकडून ग्लुटामाइन बनवतं. या एन्झाइमचं हरितलवकातलं रूप जीएस२, पेशीद्रवातलं जीएस१. टोमॅटोत संसर्गानंतर जीएस२ घटून जीएस१ वाढल्याचं आढळलंय. पुढे त्यापासून अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल बनतं. त्यात चार कार्बनमागे दोन नत्र, म्हणून वाहून न्यायला सोयीचं. जळत्या घरातून धान्य बाहेर काढावं तसं नत्र निरोगी भागाकडे हलवलं जातं. अर्थात त्यातलं काही बुरशीच्याही तोंडी पडतं, त्यामुळे हा सगळा रोपाचाच फायदा असं मी म्हणणार नाही.

अशा वेळी ४६ टक्के नत्राचा युरिया ओतला की पान लुसलुशीत होतं, पीक दाटतं, दव लवकर सुकत नाही. करप्याला आणखी काय हवं?

माझं मत स्पष्ट आहे: नवे ठिपके येणं थांबेपर्यंत युरियाचा हप्ता रोखा आणि शेतात पाणी टिकवा, कोरड्यात करपा बळावतो. लोंबी बाहेर पडायच्या वेळी बुरशीनाशकाचं विचारून घ्या, पण पान दाखवून. पुढच्या हंगामासाठी भाताच्या तुसाची राख मातीत मिसळा, तिच्यातल्या सिलिकाने पान राठ होतं.

हे फक्त ठिपके असलेल्या भाताबद्दल. ठिपके नसतील आणि जुनी पानं सारखी पिवळी पडत असतील तर नत्र खरंच कमी असू शकतं. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारं पाणी शिरलं असेल तर आधी त्याचं बघा.