अकराच्या आत कोलमडणारं वेळापत्रक

"मॅडम, रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक करते आणि सकाळी अकराच्या आत ते कोलमडतं. माझ्यात शिस्तच नाही का हो?"

नोकरी करणाऱ्यांकडून हा प्रश्न मी फार वेळा ऐकला आहे. विचारताना आवाज बहुतेकांचा खाली गेलेला असतो, जणू गुन्हाच कबूल करताहेत. त्यातल्या एका ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

पहिल्या भेटीत त्यांनी डायरी उघडून पुढे ठेवली. अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन, प्रत्येक कामाला वेगळा रंग. टाइम ब्लॉकिंग, म्हणजे दिवसाच्या प्रत्येक तुकड्याला आधीच काम नेमून देणं, त्या मन लावून शिकल्या होत्या. पण अख्ख्या पानावर एकही रिकामा चौकोन नव्हता. मी विचारलं, "यात फोन कुठे आहेत? कुणी मध्येच काही विचारायला आलं तर?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते धरायचं असतं?"

मी त्यांना आठवडाभर वेळापत्रक करूच नका असं सांगितलं. फक्त नोंद ठेवायची: दर अर्ध्या तासाने, आत्ता खरोखर काय चाललं होतं ते एका ओळीत. चांगलं-वाईट ठरवायचं नाही. त्यांना हे मुळीच पटलं नव्हतं, तरी त्यांनी ते केलं.

पुढच्या भेटीत आम्ही दोघींनी मिळून बेरीज केली. ऑफिसचे साडेआठ तास. त्यातले सरासरी दोन तास मीटिंगमध्ये, दोन तास फोन, मेसेज आणि सहकाऱ्यांच्या अडचणींमध्ये, एक तास जेवण आणि चहा. उरले साडेतीन. आणि त्या साडेतीन तासांत ताई रोज सात तासांचं काम बसवत होत्या. ज्या अहवालाला त्या एक तास धरायच्या, त्याला प्रत्यक्षात दोन तास वीस मिनिटं लागली होती. हे आकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस स्वतःला दोष देत होत्या, आणि चूक होती ती अंदाजाची.

हा अंदाज बहुतेकांचा चुकतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या चुकीला नाव दिलं होतं, 'प्लॅनिंग फॅलसी'. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल असं विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा. सगळं वाईटात वाईट घडलं तर किती, याचं उत्तर आलं सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. मागच्या वेळी किती लागले होते ते आपण आठवत नाही, यावेळी सगळं सुरळीत पार पडेल असं चित्र डोळ्यांपुढे आणतो. म्हणून नोंद हवी.

त्यानंतर आखलेलं पान अगदी साधं होतं. आधी हलवता न येणाऱ्या गोष्टी: मीटिंग, जेवण, निघायची वेळ. मग सकाळी डोकं ताजं असताना दीड तासाचा एकच मोठा चौकोन, सगळ्यात अवघड कामासाठी. मेसेज सतत न बघता दिवसातून तीनदा. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की मनाचा एक भाग आधीच्या कामातच घुटमळत राहतो, म्हणून मीटिंगनंतर दहा मिनिटं काहीच ठेवलं नाही. आणि दुपारी पाऊण तास पूर्ण रिकामा. या रिकाम्या चौकोनावरून आमचं बरंच बोलणं झालं. "वेळ वाया जाणार," असं त्या म्हणत राहिल्या. मी हट्टाने तो ठेवायला लावला, कारण सकाळी घसरलेलं काम त्याशिवाय जाणार कुठे?

दुसऱ्या आठवड्यात मुलाला ताप आला. दोन दिवस सगळं विस्कटलं आणि त्या पुन्हा खचून आल्या. मी पान मागितलं. त्यावर अकरा वाजता एक आडवी रेघ होती, रेघेखाली उरलेल्या दिवसाचे तीनच चौकोन नव्याने काढलेले. पूर्वी त्या अशा वेळी डायरी मिटून टाकायच्या. मला तर ती रेघ बघून फार आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

तरीही एक गोष्ट उरतच होती. अंदाज सुधारले, रिकामी जागा ठेवली, पण रोज दोन-तीन कामं पानाबाहेर राहायची. इथे मला स्पष्ट बोलावंसं वाटतं: काही वेळा माणूस नीट असतो, वेळापत्रकही नीट असतं, ओझंच जास्त असतं. कितीही रंग वापरले तरी सात तासांचं काम साडेतीन तासांत मावत नाही. (झोप उडालेली असेल, मन सतत उदास असेल किंवा लहानपणापासून लक्ष टिकत नसेल, तर मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे वेळापत्रक पुरे पडत नाही.)

साहेबांशी काय बोलायचं याचा आम्ही सराव केला. "मला जमत नाही" हे वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी चार आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवून विचारायचं, "या पाच कामांपैकी तीन या आठवड्यात होतील. कोणती तीन आधी हवीत?" जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हे वाक्य तीनदा म्हणून दाखवलं.

साहेबांनी एक काम दुसऱ्याकडे दिलं, एकाची तारीख पुढे ढकलली. बाकीची तशीच राहिली. शेवटच्या भेटीत ताईंनी डायरी आणली होती. दुपारचा पाऊण तास तसाच कोरा होता. "काल सकाळी काही घसरलंच नाही," त्या म्हणाल्या, "मग मी खिडकीपाशी नुसती बसले." मी विचारलं, "कसं वाटलं?" त्या हसल्या. "आधी अपराधी वाटलं. दहा मिनिटांनी तेही गेलं."